डायनॅमोचं नाक

रविवारी दुपारी पावणेतीन वाजता, ओसरीवर कुत्रं मरणाच्या वाटेला लागलेलं असताना, वैजयंताबाई मगदूम एका खाकी कोटाला इस्त्री करत होत्या.

परक्याला याचं नवल वाटलं असतं. मिरजेतल्या त्यांच्या गल्लीत कुणाला वाटलं नसतं. डॉक्टरकडे जायचं तर स्वच्छ, धुतलेलं, घडीचं नेसून जायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. सम्मेदच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हाही त्या आधी वेणी घालून, पातळ बदलून मग रिक्षात बसल्या होत्या. आता रिक्षा आपोआप चालायला लागल्या, गल्लीतल्या निम्म्या सायकली विजेवर पळायला लागल्या, पण वैजयंताबाईंचा शिरस्ता जागचा हलला नव्हता.

झालं होतं असं. डायनॅमोने दुपारी ताक-भाकरी खाल्ली आणि तासाभरात त्याचं पोट टम्म फुगलं. ओकायला बघत होता, पण नुसती लाळ गळत होती. वैजयंताबाईंनी जनावरांच्या तातडीच्या दवाखान्याला फोन लावला. पलीकडच्या मुलीने लक्षणं विचारली, गाडी निघाली म्हणून सांगितलं आणि वर एक गोष्ट बजावली, "त्याला ज्या माणसाचा सगळ्यात जास्त लळा आहे ना, त्या माणसाचा अंगातला एखादा कपडा आणा. न धुतलेला."

'न धुतलेला' हा शब्द वैजयंताबाईंनी ऐकला, पण मनावर घेतला नाही. मुलगी लहान असेल, बोलली असेल काहीतरी. त्यांनी ट्रंक उघडली, डांबराच्या गोळ्यांतून तो कोट बाहेर काढला आणि त्याच्या घड्या मोडायला इस्त्री फिरवली. तेवढ्यात गाडी आलीच.

कोट त्यांच्या यजमानांचा, भूपाल मगदूमांचा. बाजारात त्यांचं सायकलचं दुकान होतं. पस्तीस वर्षं ते हाच कोट घालून पंक्चर काढत, चाकं नीट करत, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा तपकीर ओढत. डायनॅमो त्यांना दुकानाच्या पायरीवर सापडला. अर्धा करवानी जातीचा शिकारी, अर्धा देव जाणे कोण. पिल्लू असताना तो फिरत्या चाकाला नाक लावून उभा राही, म्हणून त्याचं नाव डायनॅमो. सायकलच्या चाकाला घासून दिवा पेटवणारी ती जुनी डबी आताच्या पोरांनी पाहिलेलीही नाही. भूपाल अकरा महिन्यांपूर्वी दुकानातच छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

*

दवाखाना म्हैसाळ रस्त्याला होता. डायनॅमोला स्ट्रेचरवरून तसंच आत नेलं आणि वैजयंताबाई मांडीवर कोट घेऊन बाकावर बसल्या. शेजारी बेडगचा एक पैलवान बसला होता. मान दिसत नव्हती एवढे खांदे, आणि डोळे रडून लाल.

"आक्का, काय हाय तुमचं?" त्याने विचारलं.

"कुत्रं. पोट फुगलंय. तुमचं?"

"मांजर. टमी म्हणून. तिसऱ्या मजल्यावरनं पडली. पाय मोडलाय, पण आता गप झोपलीय बघा. त्या नाकपेटीनं झोपवली."

नाकपेटी म्हणजे काय, हे पैलवानाने मोठ्या उत्साहाने सांगायला घेतलं. त्याने लंगोट, तालमीतली माती, काय काय त्यात घुसडलं ते ऐकून वैजयंताबाईंनी पदर नाकाला लावला. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या. नाझनीन मुजावर, वय असेल तिशीचं, बोलणं भरभर.

"काकू, पोटाला पीळ पडलाय. खोल छातीच्या कुत्र्यांना होतं असं. सुई घालून हवा सोडलीय, म्हणजे आपल्याला अर्धा तास मिळाला. त्यात ऑपरेशन सुरू झालं नाही तर पोटाचा तुकडा सडतो, मग काही करता येत नाही."

"मग करा की."

"अडचण हृदयाची आहे. दहा वर्षांचं कुत्रं, ठोके आत्ताच चुकतायत. पूर्ण भूल दिली तर टेबलावरच जाईल. निम्म्या भुलीवर करायचं, तर पेटीची मदत पाहिजे. कपडा आणलाय?"

वैजयंताबाईंनी कोट पुढे केला. कडक कॉलर, धारदार बाही. डॉक्टरांनी तो हातात घेतला, नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"धुतलाय हा?"

"मग! अन् इस्त्रीपण केलीय."

आपण काय केलं ते वैजयंताबाईंना अजून कळलं नव्हतं.

*

नाकपेटीचं शास्त्र अवघड नाही. आपण माणूस डोळ्यांनी आठवतो, कुत्रं नाकाने आठवतं. जिवाभावाच्या माणसाचा वास आला की कुत्र्याच्या मेंदूत खोलवर एक जागा चेतते. सुखाची चाहूल लागली की चेतणारी ती जागा. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वी, कुत्र्यांना स्कॅनरमध्ये न हलता पडून राहायला शिकवून, कळलेलं होतं. तेव्हा त्याला खोलीएवढं यंत्र लागे. पुढे तेच काम डोक्यावरची हलकी टोपी करायला लागली. मग असंही दिसलं, की ती जागा चेतलेली असेपर्यंत ठोके संथ पडतात, वेदना बोथट होते आणि भुलीचं औषध निम्म्यावर आणलं तरी भागतं. दुबळ्या हृदयाचं जनावर त्या निम्म्यावरच तगतं.

कपडा असला तर काम सोपं. नसला तर पेटी स्वतः शोध घेते. तिच्या पोटात वासांच्या सहाशे कुप्या असतात. ती एकेकीची बारीक फुंकर जनावराच्या नाकाशी सोडते आणि मेंदू किती उजळला ते बघते. लपवलेली वस्तू शोधणाऱ्या पोराला बाकीची पोरं 'गार, गार, कोमट, गरम' असं ओरडून दिशा दाखवतात, तसं कुत्रं दिशा दाखवतं आणि पेटी त्याच्या मागे जाते. वीसेक मिनिटांत ती त्याला हव्या असलेल्या वासाजवळ पोचते. कधी पोचत नाही.

"मेंदू किती उजळला ते दाखवणारी रेषा साठच्या वर जाऊन टिकली पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "तर मी सुरी उचलते. नाही टिकली तर त्याला हाल न होता झोपवणं बरं. आणि त्याच्या कातडीखालच्या चिपवर मालक म्हणून सम्मेद मगदूम नाव आहे. त्यांची परवानगी लागेल."

मुलगा, सम्मेद, पुण्याहून पडद्यावर आला. सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं.

"आई, दहा वर्षांचा आहे तो. पप्पा गेल्यापासून धड खातही नाही. सोडूया ना त्याला शांतपणे."

वैजयंताबाईंनी आतल्या दाराकडे बघितलं.

"आणि मग तू पण इकडे ये," तो म्हणाला. हे वाक्य त्याने गिळायला हवं होतं. त्याच्या सोसायटीत मोठं कुत्रं चालत नव्हतं आणि दर रविवारी माय-लेकरांचं बोलणं तिथेच येऊन अडत होतं.

"कुत्रं मेलं की मी यायला मोकळी, असं का?"

"तसं नाही गं, आई."

"मग तसं बोलू नकोस. मशीन काय म्हणतंय ते बघू. फोन ठेवू नकोस."

"बरं. साठच्या वर गेलं तर माझं हो. नाही गेलं तर तू हट्ट करायचा नाहीस. कबूल?"

"कबूल," त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

*

डायनॅमो टेबलावर कुशीवर पडला होता. डोक्याला टोपी, नाकावर पारदर्शक मुखवटा. कोटावरून ओढलेली हवा मुखवट्यात सोडली तेव्हा रेषा बारावर होती, ती आठवर आली. डायनॅमो शिंकला.

"डांबरगोळ्या," डॉक्टर पुटपुटल्या आणि त्यांनी कोट बाजूला ठेवला. "काकू, घरात दुसरं काही? उशी? चप्पल?"

काही नव्हतं. दुखवट्याचे दिवस संपले त्या सकाळी वैजयंताबाईंनी पदर खोचला होता आणि घरातली प्रत्येक चिंधी तीन पाण्यांतून काढली होती. कपडे वाटून टाकले, गादी पिंजायला दिली, भिंतींना चुना काढला. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. डायनॅमोने मात्र त्या दिवशी बादलीत तोंड घालून हा कोट ओला निथळत बाहेर ओढला होता आणि अंगणभर पळवला होता. वैजयंताबाईंनी त्याच्या पाठीत काठीचा एक फटका हाणला होता. त्यांना वाटलं होतं, मस्ती करतोय. तो काय वाचवायला बघत होता ते त्यांना आज, या टेबलाशी उभं राहून कळलं. त्यांना स्वतःचा राग आला.

"सुरू करा तुमची पेटी," त्या म्हणाल्या.

फुंकरा सुरू झाल्या. पडद्यावर वासांची नावं उमटत होती आणि डॉक्टर ती मोठ्याने वाचत होत्या. साबण, सात. गवत, नऊ. रबर, एकोणीस. रबरात मिसळलेला उडता द्राव, सव्वीस.

"सोल्यूशन!" वैजयंताबाई ओरडल्या. "पंक्चरचं सोल्यूशन ते. ह्यांच्या नखांतनं जायचं नाही कधी."

"तंबाखूची पूड, तेहेतीस."

"तपकीर."

"लोखंड आणि वंगण, एकोणचाळीस. पुरुषाचा घाम, सत्तेचाळीस. खोबरेल, एक्कावन्न."

आणि तिथे रेषा अडली. एक्कावन्न, बावन्न, पुन्हा एक्कावन्न. माणूस तर पुरा झाला होता, मग कुत्र्याला आणखी काय हवं होतं? पेटीची फुलं हुंगवून झाली, मसाले झाले, पाऊस झाला. दहा मिनिटं उरली. आठ उरली. सम्मेद फोनवर हळूच म्हणाला, "आई..."

"गप बस."

मग पेटीने दिशा बदलली. दुधाची स्निग्धता, चोपन्न. जळकी साखर, अठ्ठावन्न. धूर.

डॉक्टरांनी मान वर केली. "काहीतरी जळतंय." त्यांचा मदतनीस टेबलाखाली वाकून वायर तपासायला लागला. "पेटीच तापली वाटतं मॅडम. बंद करतो."

"हात लावू नका!" वैजयंताबाई अशा गरजल्या, की तो तसाच वाकलेला राहिला. "मशीन नाही जळत. दूध आहे ते. माझं दूध."

चौसष्ट. एकोणसत्तर. रेषा एकाहत्तरवर जाऊन स्थिर उभी राहिली. डायनॅमोचा श्वास लांब झाला.

संध्याकाळी सहा वीसला भूपाल सायकलवरून कोपऱ्यावर यायचे. त्या वेळी वैजयंताबाईंचं दूध गॅसवर असायचं. त्या ते तसंच टाकून फाटकाशी जायच्या. म्हणायला आडणा काढायला. खरं तर दोन शब्द बोलायला. दोनाचे वीस व्हायचे, आणि आत दूध खाली लागायचं. भूपाल नाक वर करून विचारायचे, "दूध तापवायलीस का डास हाकलायलीस?" त्या चिडायच्या. मग ते स्वतः पातेलं खरवडून ती करपट खरवड डायनॅमोपुढे ठेवायचे. पेटीने हुडकून काढली होती ती ही वेळ. कुत्र्याला एकटा मालक पुरला नव्हता, ही बाईसुद्धा हवी होती, फाटकाशी बोलत उभी असलेली आणि दुधाकडे लक्ष नसलेली. अकरा महिन्यांत त्यांचं दूध एकदाही करपलं नव्हतं. त्या पातेल्यासमोर उभ्या राहायच्या. जायला दुसरीकडे कुठे नव्हतंच.

मुखवट्याच्या कडेने तो वास थोडा खोलीत झिरपला होता. सोल्यूशन, तपकीर, घाम, खोबरेल आणि करपलेलं दूध. वैजयंताबाईंनी टेबलाची कड धरली. त्या सगळ्यांसमोर रडल्या, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

"आई, काय झालं? काय जळतंय तिथे?" सम्मेद विचारत होता.

"दूध रे. पप्पा येताना जळायचं ते."

पुण्याकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"करा ऑपरेशन," तो म्हणाला. "डॉक्टर, माझं नाव लिहा. मी निघतोय."

*

सुरी चालायला लागून दहा मिनिटं झाली आणि मदतनीस धावत बाहेर आला. बाकी वास पुरणार होते, धुराच्या आणि जळक्या साखरेच्या कुप्या मात्र तळाला गेल्या होत्या. एवढा करपट वास आजवर कुठल्या जनावराने मागितलाच नव्हता. रेषा साठाखाली घसरली तर भूल वाढवावी लागेल, आणि भूल वाढवली तर हृदय.

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत वैजयंताबाई कँटीनमध्ये होत्या. त्यांनी चहाचं पातेलं उतरवलं, दुसऱ्यात दूध ओतलं आणि गॅस मोठा केला.

"आक्का, बारीक करा, लागतंय खाली!" कँटीनवाला कळवळला.

"लागू दे."

"अहो, पातेलं जाईल!"

"जाऊ दे."

पैलवान मागोमाग आला होता. काय चाललंय ते त्याला दोन वाक्यांत कळलं. त्याने करपलेल्या दुधाचं पातेलं फडक्यात धरून वर ताट झाकलं आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेर, पेटी जिथून हवा ओढते त्या नळीखाली नेऊन ठेवलं. एक थंड झालं की दुसरं. कॉरिडॉरमध्ये धुराची घंटा वाजायला लागली, ती कुणीतरी बंद केली. बाकावरचे सगळे लोक, त्यांची मांजरं, एक शेळी, सगळे खोकत होते आणि कुणी तक्रार करत नव्हतं. वैजयंताबाई गॅसपाशी उभ्या राहून, जन्मभर जे चुकून केलं, ते आज मन लावून करत होत्या. दूध उतू जाऊ द्यायचं नाही, ढवळायचं नाही, तळाला धरू द्यायचं. पाच पातेली झाली.

सव्वापाचला डॉक्टर मास्क काढत बाहेर आल्या. "पीळ सोडवला. पोट आतून टाके घालून पक्कं केलंय. जगेल, काकू. रेषा एकदाही साठाखाली आली नाही."

पैलवानाने कँटीनवाल्याला मिठी मारली. ती त्याला झेपली नाही.

*

डायनॅमोला शेजारच्या लहान खोलीत आणलं होतं. मुखवटा अजून नाकावर होता, आणि शेवटच्या पातेल्यातला धूर अजून पुरत होता. सम्मेदचा फोन येऊन गेला, नऊपर्यंत पोचतो म्हणून. "पुण्याचं काही काढू नकोस. नुसता ये," वैजयंताबाईंनी त्याला सांगितलं होतं, आणि तो बरं म्हणाला होता.

"काकू, एक तुम्हालाच ठरवायचंय," डॉक्टर नाझनीन स्टूल ओढून बसल्या. "आता भूल उतरेल. वास चालू ठेवला तर तो शांतपणे जागा होईल. दुखणंही कमी जाणवेल."

"मग ठेवा की."

"पण त्याला वाटेल, काका आलेतच. वास म्हणजे त्याच्या लेखी माणूसच. आपण त्याला ऑपरेशनभर तेच सांगितलंय." त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. "हे मिश्रण पेटीत नोंदलं गेलंय. घरी न्यायला कुपी भरून देतो आम्ही. पुष्कळ लोक नेतात. एक गृहस्थ म्हशीसाठी म्हणून दोन वर्षं नेतायत."

"म्हशीसाठी?"

"म्हैस गेल्या वर्षी विकली त्यांनी."

वैजयंताबाईंनी मुखवट्याच्या कडेशी नाक नेलं आणि एकच श्वास भरून घेतला. तिथे ते होते. कोपऱ्यावरून वळलेले, घामेजलेले, बायकोवर विनोद करायच्या बेतात असलेले. रोज संध्याकाळी असंच कुपीचं बूच काढायचं, किती सोपं होतं. पुण्यालाही नेता आली असती. त्यांना ती कुपी हवी होती.

मग त्यांना गेले अकरा महिने आठवले. सहा वाजले की डायनॅमो उठून फाटकाशी जाऊन बसायचा, आणि अंधार पडला की परत यायचा. त्या तेव्हा आत फरशी पुसत असायच्या. एक दिवससुद्धा त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या नव्हत्या. त्यांनी सगळं धुऊन टाकून आपली वाट बघण्यातून सुटका करून घेतली होती, आणि दोघांच्या वाटणीची वाट त्या मुक्या जिवाला एकट्याला बघायला लावली होती.

"बंद करा," त्या म्हणाल्या. "दुखण्याचं औषध द्या हवं तेवढं. पण वास बंद करा."

"नक्की?"

"त्याला कितीदा फसवायचं? अन् मला तरी?"

डॉक्टरांनी मुखवटा उतरवला, खिडकी उघडली आणि त्या बाहेर गेल्या.

थोड्या वेळाने डायनॅमोची नाकपुडी हलली. मग कान. मग डोळे अर्धे उघडले. शेपटीने गादीवर एक आपट दिली, दुसरी दिली, आणि त्याने सगळं बळ एकवटून मान दाराकडे वळवली. दारात कुणी नव्हतं. तो बघत राहिला. शेपूट हळूहळू थांबली, पण मान वळवलेलीच राहिली.

वैजयंताबाईंनी त्याच्या पाठीवर, त्या दिवशी जिथे काठी बसली होती तिथे, हात ठेवला. अकरा महिन्यांत लोकांना त्या 'हे गेले' असं शंभरदा म्हणाल्या होत्या. पुढचं वाक्य एकदाही तोंडातून निघालं नव्हतं.

"ते आता यायचे नाहीत रे," त्या म्हणाल्या.

डायनॅमोने दारावरची नजर काढली नाही. वैजयंताबाईंनी स्टूल त्याच्या अंगाला लागेल इतकं जवळ ओढलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याही त्याच्याबरोबर दाराकडे बघत बसल्या.